मेंदूचा मार आणि सहा महिन्यांनंतरची नोंद

मोटारसायकलवरून पडून बेशुद्ध झालेला तरुण मध्यरात्री मोठ्या सरकारी इस्पितळात आणला जातो, तेव्हा त्याची पहिली तपासणी बहुधा न्यूरोसर्जरी अजून शिकत असलेला निवासी डॉक्टर करतो. डोळे उघडतात काय, बोलणे सुसंगत आहे काय, सांगितल्यासरशी हात हलतो काय, एवढे पाहून तो 3 ते 15 मधला एक अंक कागदावर मांडतो. ही मोजणी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट ह्यांनी 1974 साली सुचविली. तिला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तिच्यामुळेच देशोदेशींच्या रुग्णांची तुलना शक्य झाली.

ही तुलना किती निकडीची होती, ते स्टेरॉइडच्या इतिहासावरून कळते. कवटीच्या आत जागा मोजकीच असल्यामुळे मार लागून मेंदू सुजला की आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा खुंटतो. गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने ओसरते हे दिसून आल्यावर, माराची सूजही त्यानेच ओसरेल असा सयुक्तिक तर्क करून अनेक इस्पितळांनी ते औषध देण्याचा शिरस्ता दशकानुदशके चालविला. ‘क्रॅश’ ह्या चाचणीत 49 देशांतील 10,008 रुग्णांचा हिशेब झाला, तेव्हा दोन आठवड्यांतील मृत्यू औषध घेतलेल्यांत 21.1 टक्के आणि न घेतलेल्यांत 17.9 टक्के भरले, व 2004 साली ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. शंभरांमागे तीन अधिक मृत्यू कोणाही एका वैद्याच्या नजरेत भरणे अशक्यच होते. औषध देणारे अज्ञ नव्हते, आणि बेफिकीर तर मुळीच नव्हते.

आपल्याकडे न्यूरोसर्जरीत एम.एस. नंतर तीन वर्षांच्या, किंवा एम.बी.बी.एस. नंतर सलग सहा वर्षांच्या एम.सीएच. अभ्यासक्रमाने प्रवेश मिळतो, आणि प्रवेशपरीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याची असते. निःपक्षपाती चाळणी हवीच, म्हणून तिला नावे ठेवण्यात हशील नाही. परंतु 2016 च्या ‘रेस्क्यू’ चाचणीत, औषधांना न जुमानणारा दाब कवटीचा तुकडा काढून उतरविल्यावर, सहा महिन्यांतील मृत्यू 48.9 वरून 26.9 टक्क्यांवर आले, तर जिवंत पण जाणीवशून्य राहणाऱ्यांचे प्रमाण 2.1 वरून 8.5 टक्क्यांवर गेले. अशा वेळी कवटी उघडावी की नाही, ह्याचे बिनचूक उत्तर कोणत्या पर्यायात बसवावे?

निवासी डॉक्टरला रुग्ण दिसतो तो घरी जाईपर्यंत. शस्त्रक्रियेचा खरा निकाल मात्र पुढे महिन्यांनी लागतो, आणि तोवर तो डॉक्टर दुसऱ्याच पाळीवर रुजू झालेला असतो. म्हणून माझी तजवीज साधी आहे: ज्याने रात्री अंक मांडला त्यानेच सहा महिन्यांनी त्या घरी चौकशी करावी, रुग्ण स्वतःच्या हाताने जेवतो काय, कामावर जातो काय, हे विचारावे, आणि ही नोंदवही शस्त्रक्रियांच्या यादीइतकीच अंतिम परीक्षेत तपासली जावी.