पत्ता एक, मालक अनेक!

खांदेश्वरला राहणाऱ्या माणसाने कम्प्लेंट नेमकी करायची कुणाकडे? एका बंद दिव्यापासून सुरू झालेली शोधाशोध

फ्रीलान्सर असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी मी कुठल्या तरी नव्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसलेली असते आणि दर वेळी डायलॉग तोच.

‘‘कुठे राहतेस?’’
‘‘खांदेश्वर.’’
‘‘म्हणजे?’’
‘‘हार्बर लाइन. मानसरोवरच्या पुढे, पनवेलच्या आधी.’’
‘‘अच्छा, नवी मुंबई!’’

इथे मी मान डोलावते. वाद कोण घालत बसणार? पण खरं सांगू का, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. नवी मुंबई महापालिका दिघ्याला सुरू होते आणि बेलापूरला संपते. खारघर लागलं की हद्द बदलते आणि जिल्हाही बदलतो, ठाण्याचा रायगड होतो. लोकलच्या दारात हेडफोन लावून उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. स्टेशनांची डिझाइन्स तीच, बिल्डिंगा त्याच, होर्डिंगवरचे हसरे चेहरेही साधारण तसेच.

आमची ओळखपरेड एकदा करूनच टाकू. पोस्टाच्या दृष्टीने आम्ही पनवेल. महापालिकाही पनवेलची. पोलीस ठाणं खांदेश्वरचं, पण ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात. बाबांच्या स्कूटरची नंबरप्लेट एमएच-४६, म्हणजे आरटीओ पनवेल. बस येते ती एनएमएमटीची, म्हणजे ज्या महापालिकेला आम्ही मत देत नाही तिची. पाणी सिडकोचं, वीज महावितरणची. आमदार पनवेलचा. आणि खासदार? बसा आधी. मावळचा! आमच्या लोकसभा मतदारसंघात पनवेल, कर्जत, उरण आहे आणि घाट चढून गेलं की मावळ, चिंचवड, पिंपरीही आहे. म्हणजे खांदा कॉलनीतल्या काकूंना आणि चिंचवडच्या कारखान्यातल्या फिटरला दिल्लीत एकच माणूस. दोघांच्या मधे अख्खा बोरघाट.

हे सगळं मला पाठ आहे, कारण मला ते पाठ करावं लागलं. एका बंद दिव्यामुळे.

दिव्याखाली अंधार

आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावरचा खांब २०२२ च्या पावसाळ्यानंतर बंद पडला. रात्री साडेदहाच्या लोकलने उतरून चालत येणाऱ्या मुलीला अशा एका खांबाचं महत्त्व काय, हे त्या मुलीलाच विचारा. मी एका ऑफिसला फोन केला. त्यांनी दुसऱ्या ऑफिसचा नंबर दिला. दुसऱ्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, खांब हस्तांतरित झालाय का?’’ खांब! जणू तो सासरी जायचा राहिलाय. नावं घेत नाही, कारण फोनवरच्या बिचाऱ्या माणसालाही खरंच ठाऊक नव्हतं.

मग मला सुचलं, अरे, आपल्याला नगरसेवक असतो ना! बाबांना नंबर विचारला. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘आता कुठला नगरसेवक? मुदत संपली जुलैमध्येच.’’

आणि इथे मला जोरात झटका बसला. मी मास कॉमची पदवीवाली, बातम्यांवर पोट असलेली मुलगी. माझ्या शहरातलं सभागृह रिकामं होऊन काही महिने झाले होते आणि मला पत्ताच नव्हता. अमेरिकेतल्या मिडटर्म इलेक्शन्सबद्दल मात्र मी त्याच आठवड्यात एक लेख पाडला होता.

महापालिकेची जन्मकथा

थोडं मागे जाऊ. पनवेल नगरपालिका १८५२ ची, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांपैकी एक. सिडको आली १९७० साली. तिने ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं आणि शेतकऱ्यांना मिळालेल्या मोबदल्यावरून संघर्ष पेटला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. ‘साडेबारा टक्के’ योजना त्या लढ्यातून आली. आज आपण ज्या टॉवरच्या ब्रोशरवर ‘लक्झुरियस टू बीएचके’ वाचतो, त्यातले कित्येक अशा साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच उभे आहेत. लोनचे कागद सह्या करताना बँकेतला माणूस हे सांगत नाही.

तर, बेलापूरपर्यंतच्या भागाला १९९२ सालीच स्वतःची महापालिका मिळाली. आम्ही मात्र लटकलेले. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल या कॉलन्या सिडकोच्या. त्यांना स्वतःचं सभागृह नाही. लालबागची खोली विकून आई-बाबा २००४ मध्ये इथे आले, तेव्हा रस्ते रुंद होते, हवा स्वच्छ होती, स्टेशनची इमारत दणदणीत होती आणि स्थानिक कारभारात मत शून्य होतं. लालबागला नगरसेवकाला चाळीच्या गॅलरीतून हाक मारता यायची. इथे हाक मारायला कुणी नव्हतंच. सिडको ही कंपनी. कंपनीला ग्राहक असतात, मतदार नसतात.

१ ऑक्टोबर २०१६ ला जुनी नगरपालिका, या कॉलन्या आणि २९ गावं मिळून पनवेल महानगरपालिका झाली. पहिलं मतदान २४ मे २०१७ ला. ७८ जागांपैकी भाजपला ५१ आणि शेकाप-काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीला २७. डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. वर्षाच्या आतच सभागृहाने आयुक्त सुधाकर शिंदे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला. सत्ता भाजपची, राज्यात सरकार भाजपचं, आणि तरी सरकारने तो ठराव निलंबित केला! पुढे शिंदेंची बदली झाली ते वेगळं. नव्या महापालिकेचं असं सॉलिड ओपनिंग झालं.

या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. राज्यात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकलेले, त्यामुळे निवडणुका नाहीत. कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक म्हणजे काय, हे मला त्या खांबामुळे कळलं. आयुक्तच सभागृह, आयुक्तच स्थायी समिती. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा पेन एकच. माझे एक इंजिनीअर मित्र म्हणतात, ‘‘बरंच झालं, कामं भराभर होतात.’’ होतात काही कामं, नाकारत नाही. पण तुमच्या ऑफिसात एखाद्याने स्वतःचं अप्रेझल स्वतःच भरून स्वतःच सही केली, तर तुम्ही गप्प बसाल का?

दोन टक्के दरमहा

आता मुद्द्याचं. पैसा.

महापालिका २०१६ ची, पण कॉलन्यांमधल्या घरांना मालमत्ता कराची बिलं यायला लागली ती २०२१ च्या सुमारास. आणि आली ती मागच्या तारखेपासून, थेट ऑक्टोबर २०१६ पासूनची. मधल्या काळात रहिवासी सिडकोला सेवा शुल्क भरत होते. ‘एकाच गटारासाठी दोनदा पैसे का?’ हा लोकांचा प्रश्न. महापालिकेचं म्हणणं, कायद्याने कर स्थापनेपासून लागू होतो आणि कराशिवाय शहर चालवायचं कशावर? दोन्ही बाजूंत दम आहे. काही रहिवासी संघटना हायकोर्टात गेल्या, मोर्चे निघाले, आणि सगळी लढाई व्हॉट्सअॅप ग्रुपवर उतरली.

आमच्या सोसायटीत सरळ दोन पक्ष पडले. ‘भरा’वाले आणि ‘थांबा’वाले. ‘थांबा’वाल्यांचं म्हणणं, कोर्टाचा निकाल लागू दे. ‘भरा’वाले म्हणत, तोवर शास्तीचं काय? शास्ती म्हणजे थकबाकीवरचा दंड, दरमहा २ टक्के. वर्षाला २४! क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरून मोकळं होणाऱ्या आपल्या पिढीला हे गणित समजावून सांगायला नको. गणपतीच्या आरतीला शेजारी-शेजारी उभे राहणारे दोन काका लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनासे झाले. बाबा ‘थांबा’ पक्षाचे. आई ‘भरा’. जेवणाच्या टेबलावर कधी कधी मीठ मागायलाही माझी मध्यस्थी लागायची.

२०२५ मध्ये शास्तीत सवलत देणारी अभय योजना आली. जितक्या लवकर भराल तितकी जास्त सूट. बाबांनी फाइल काढली, चष्मा लावला, दोन रात्री आकडेमोड केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी न बोलता पैसे भरून टाकले. पावती आईच्या देव्हाऱ्याजवळ ठेवली. आई काहीच म्हणाली नाही. हा तिचा मोठेपणा.

मला मात्र राग बाबांच्या जागी भलत्याच गोष्टीचा आला. साडेतीन वर्षं या विषयावर भांडायला, तडजोड करायला, ‘आमच्या वॉर्डातली माणसं हे म्हणतायत’ असं माइकवर सांगायला निवडून आलेलं कुणीच नव्हतं. कोर्ट होतं, रस्ता होता आणि व्हॉट्सअॅप होतं. यातलं कुठलंच सभागृह नव्हे.

अ, ब, क, ड

शेवटी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये कान उपटले आणि १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. वार गुरुवार. संक्रांतीचा दुसरा दिवस, सुट्टी जाहीर. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवसांचा वीकेंड! अलिबागचे रिसॉर्ट कुणी बुक केले असतील हे मी सांगायला नको. आमच्या मजल्यावरचा आयटीवाला तर पाच वर्षं इथे राहूनही मतदार यादीत साताऱ्याच्या गावीच आहे. ‘‘तिथे सरपंच माझा चुलतभाऊ आहे, त्याचं एक मत कमी कसं करू?’’ म्हणतो. इथे तो कचऱ्याच्या गाडीवर सगळ्यात जास्त बोलतो.

मी गेले. बूथवर पोचल्यावर दुसरा धक्का. मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक. बोरिवलीची माझी मैत्रीण एक बटण दाबून सेल्फी काढायला मोकळी. आमच्याकडे २० प्रभागांतून ७८ जण. म्हणजे बहुतेक प्रभागांत चार, दोन प्रभागांत तीन. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चार मतं द्यायची. माझ्या पुढच्या आजी एकच बटण दाबून निघाल्या. कर्मचारी मागून, ‘‘आजी, अजून तीन राहिली!’’ आजी वैतागून म्हणाल्या, ‘‘एकालाच द्यायला आले होते मी.’’

आजींचं चुकलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चार जण निवडून दिले की जबाबदारीची चार शकलं होतात. खांब ‘अ’चा की ‘क’चा? काम झालं की चौघांचे फोटो होर्डिंगवर, नाही झालं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्या तिघांकडे. पक्षाच्या पॅनलला हे सोयीचं, आजींना नाही. माझं स्पष्ट मत, एक वॉर्ड, एक माणूस. रात्री साडेदहाला अंधारात कुणाच्या नावाने बोटं मोडायची, एवढं तरी नक्की असावं.

निकाल दुसऱ्या दिवशी लागला, भाजपने सत्ता राखली. कोण जिंकलं यापेक्षा मला सभागृह परत भरलं याचं जास्त अप्रूप. कारण आता इथे खेळ मोठा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. त्याला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून इथल्या माणसांनी किती मोर्चे काढले! आमच्या गच्चीवरून विमानं बघायला मुलांची गर्दी होते, आणि खाली ब्रोकर ‘एअरपोर्ट व्ह्यू’ म्हणून भाडं वाढवून सांगतो. विमानतळासोबत ट्रॅफिक येणार, हॉटेलं येणार, पाण्याची मागणी वाढणार. महापालिका पनवेलची आणि पाणी सिडकोचं, हा घोळ तोवर सुटलेला असेल का, हे मला त्या चौघांना विचारायचंय.

खांबाचं म्हणाल तर तो लागला. मध्येच कधीतरी, कुणी लावला ते आजतागायत कळलेलं नाही. होर्डिंगही लागलं नाही, म्हणजे नक्की कुणीतरी सरकारी माणूस असणार.

येत्या रविवारी अकरा वाजता सोसायटीची मीटिंग आहे. चौघांनाही निमंत्रण गेलंय. दोघांच्या पीएने ‘नक्की बघतो’ म्हटलंय, एकाचा फोन बिझी लागतो आणि चौथ्या मॅडमने स्वतः उचलून विचारलं, ‘‘पाण्याचाच विषय आहे ना?’’ बाबांनी फाइल काढून ठेवलीय, ‘भरा’ पक्षाच्या काकांना स्वतः जाऊन बोलावून आलेत, आणि आईने चार कप चहा जास्तीचा सांगितलाय.