हात नको, आधी सोबत

गेल्या पावसाळ्यात समोरच्या इमारतीतले एक भाडेकरू घर रिकामे करून गेले. पलंग गेले, फ्रिज गेला, कुंड्यासुद्धा गेल्या. मागच्या गॅलरीत एक पिंजरा तेवढा राहिला. घरमालकांच्या तो तिसऱ्या दिवशी लक्षात आला. "तुमच्याकडे मुलं आहेत, घेता का?" असे म्हणत त्यांनी तो आमच्या दारात आणून ठेवला. आत एक राखाडी पक्षी होता. पिवळे डोके, गालांवर नारिंगी ठिपके, डोक्यावर तुरा. पाण्याची वाटी कोरडी पडली होती. दाण्यांची वाटी मात्र भरलेली दिसत होती. फुंकर मारली तेव्हा सगळी टरफले उडाली, खाली एकही दाणा नव्हता.

तो कॉकटील होता. बाजारात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पोपटांच्याच गणातला, जेमतेम 100 ग्रॅम वजनाचा जीव. नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षे जगतो. याच्या दोन्ही पंखांची पिसे कोणीतरी कापली होती. पिंजऱ्याजवळ हात नेला की तो मागच्या सळ्यांना चिकटे, तुरा डोक्यावर सपाट करी आणि सापासारखा फिसकारे.

सल्ले देणाऱ्यांची कमतरता नव्हती. "दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी आपोआप हातावर येईल," असे एकाने सांगितले. "टॉवेलात घट्ट धरून बसा, झटापट थांबली की माणसाळला म्हणून समजा," असे दुसऱ्याने. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. एवढासा पक्षी एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकते. आणि टॉवेलात झटापट थांबते ती विश्वासाने नव्हे, सुटकेची आशा संपते म्हणून थांबते.

आम्ही हे दोन्ही केले नाही. चूक झाली ती निराळीच. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने चौथ्या दिवशी, कोणी पाहत नाही असे बघून, पिंजऱ्याचे दार उघडले आणि हात आत घातला. तिला त्याला फक्त कुरवाळायचे होते. तो चारी बाजूंना आपटला, शेपटीची दोन पिसे गळून पडली आणि शेवटी त्याने तिचे बोट फोडले. त्या रात्री पक्षीही जेवला नाही आणि पोरगीही. "त्याला मी आवडत नाही," एवढेच ती म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. घाबरलेला पक्षी आजारीही असू शकतो, म्हणून ही पायरी कोणीही चुकवू नये. पक्षी आपले दुखणे लपवतात. पिसे फुलवून तळाशी बसून राहणे, प्रत्येक श्वासाला शेपटी हलणे, खाणे सोडणे ही लक्षणे दिसली तर उद्याची वाट पाहू नये. आमचा पक्षी आजारी नव्हता, फक्त खंगला होता. डॉक्टरांनी मुलीच्या बोटावरची पट्टी पाहिली आणि तिलाच समजावले, "बेटा, तो तुझ्यावर रागावलेला नाही. हात म्हणजे काय, हे त्याला आधी कोणीतरी वाईट शिकवलंय."

भीती कशाची?

पोपटाच्या गणातले पक्षी ही रानात इतरांची शिकार होणारी जात. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, कारण त्यांना चहूकडून येणारे संकट पाहायचे असते. शिकारी पक्षी बहुधा वरून झडप घालतो. आपला हातही पिंजऱ्यात वरूनच येतो, पाच बोटे पसरून. त्यातून ज्याला याच हाताने पकडले, पंख कापले, एका घरातून दुसऱ्या घरात नेले, त्याने हाताला का घाबरू नये?

पंख कापल्याने पक्षी शांत होतो हाही गैरसमज. उडून जाणे हेच पक्ष्याचे संरक्षण. ते काढून घेतले की उरते फक्त चोच. म्हणून पंख कापलेला घाबरट पक्षी जास्त चावतो. सुदैवाने पिसे कायमची जात नाहीत. जुनी झडून नवी येतात, त्याला काही महिने लागतात.

आधी जागा, झोप आणि स्वच्छ हवा

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही त्याला शिकवायचे काहीच नाही असे ठरवले. पिंजरा बैठकीच्या खोलीत, एक बाजू भिंतीला लागेल असा, छातीच्या उंचीवर ठेवला. चारी बाजूंनी उघडा किंवा जमिनीवर ठेवलेला पिंजरा पक्ष्याला असुरक्षित वाटतो. एका कोपऱ्यावर जुनी चादर टाकली, म्हणजे त्याला लपावेसे वाटले तर लपता येईल.

घरातल्या काही सवयी बदलाव्या लागल्या. पक्ष्यांची फुप्फुसे अतिशय नाजूक असतात. नॉनस्टिक तवा कोरडा तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो आणि आपल्याला त्याचा वासही येत नाही. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दाराशी कधीच नको. जुमेरातचे लोबान आमच्या घरी वर्षानुवर्षे चालत आलेले. ते आता गच्चीत होते. अगरबत्ती, मच्छर कॉइल, अत्तराचे फवारे हेही त्या खोलीत बंद. पक्षी बाहेर काढण्याआधी छताचा पंखा बंद करायचा, ही पाटी मुलाने स्वतः लिहून बटणाशेजारी चिकटवली आहे.

पक्ष्याला रोज 10 ते 12 तास अंधाराची झोप लागते. कॉकटील रात्री एकाएकी दचकून पिंजऱ्यात आपटतात, म्हणून त्याच्या खोलीत एक अगदी मंद दिवा ठेवतो. रमजानमध्ये सहेरीच्या वेळी दिवे लागतात, भांडी वाजतात. त्या महिन्यात पिंजरा रात्रीपुरता आतल्या खोलीत न्यायचा हेही ठरले.

खाण्यात फक्त दाणे पुरत नाहीत. राळे, बाजरी यांच्या जोडीला मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, उकडलेला मका द्यावा. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कॉफी, कांदा आणि खारट पदार्थ मुळीच देऊ नयेत. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारून टरफले उडवावीत, भरलेली वाटी फसवते. पिंजऱ्याचा कागद बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून माणसालाही आजार होऊ शकतात. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे.

दादींची तसबीह

शिकवायचे नाही असे ठरवले तरी मुलगी रोज पिंजऱ्यासमोर उभी राहून त्याच्याकडे एकटक पाही. तो तेवढा वेळ दाण्याला तोंड लावत नसे. याउलट माझ्या सासूबाई. त्यांना पक्ष्याचे काही कौतुक नव्हते. "आधी कमी काम होतं घरात?" हे त्यांचे पहिल्या दिवसाचे शब्द. पण असरच्या नमाजनंतर त्या नेहमी ज्या दिवाणावर बसत, तो नेमका पिंजऱ्याशेजारी. पिंजऱ्याकडे पाठ थोडी वळवून त्या तसबीह ओढत बसत. ना त्याच्याकडे पाहणे, ना हाक मारणे.

साधारण दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आले की, त्या बसल्या की तो मागच्या सळ्या सोडून मधल्या दांडीवर येतो. पंधराव्या दिवशी तो त्यांच्या बाजूच्या टोकाला बसून मण्यांच्या आवाजाकडे मान वाकडी करून पाहत होता. तुरा ना ताठ, ना सपाट, अर्धवट सैल. कॉकटीलचा तुरा म्हणजे त्याच्या मनाची खिडकी. एकदम ताठ झाला तर तो दचकला आहे, डोक्याला चिकटला आणि फिसकारला तर दूर व्हा, सैल असेल तर ठीक आहे.

सासूबाईंनी नकळत जे केले तीच खरी पद्धत. रोज ठरल्या वेळी जवळ बसा. टक लावून पाहू नका, शिकारी तसे पाहतो. हळू आवाजात काही वाचा. मुलीने मग शाळेचे धडे तिथेच बसून वाचायला सुरुवात केली. मराठीच्या पुस्तकातल्या कविता त्याने सगळ्यांत आधी ऐकल्या.

वाटी, चमचा, तळहात

तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही एकेक पायरी चढलो. नियम एकच: तुरा ताठ झाला, खाणे थांबले किंवा तो मागे सरकला की त्याच क्षणी आपण मागे सरायचे.

पहिली पायरी वाटीची. येता-जाता सूर्यफुलाची एक बी वाटीत टाकायची आणि निघून जायचे. सूर्यफुलाच्या बिया तेलकट असतात, रोजच्या खाण्यात नकोत, पण खाऊ म्हणून उत्तम. काही दिवसांत मुलगी दिसली की तो वाटीकडे सरकू लागला.

दुसरी पायरी चमच्याची. लांब दांड्याच्या चमच्यात राळे घेऊन तो सळ्यांमधून धरायचा. हात दूर, खाऊ जवळ. तो निवांत खाऊ लागला की दर दोन-तीन दिवसांनी चमचा बोटभर आखूड धरायचा. यात घाई केली की दोन पायऱ्या खाली यावे लागते. आम्ही दोनदा आलो.

तिसरी पायरी काडीची. लाकडी काडीचे टोक त्याच्यासमोर धरायचे. त्याने चोचीने टोकाला स्पर्श केला की लगेच एक दाणा. काडी डावीकडे नेली की तो डावीकडे, उजवीकडे नेली की उजवीकडे. पकडल्याशिवाय, ढकलल्याशिवाय तो स्वतःच्या मर्जीने आपल्यामागे येतो. आपण काहीतरी केले की चांगले काही मिळते, हे कळलेला पक्षी कमी घाबरतो.

चौथी पायरी तळहाताची. पिंजऱ्याच्या दारात, त्याच्या पायांच्या पातळीच्या खाली, उताणा हात ठेवायचा. तळहातावर राळे. हात हलवायचा नाही, त्याच्याकडे न्यायचा नाही. येणे किंवा न येणे त्याने ठरवायचे. पाच मिनिटे झाली की हात काढून घ्यायचा, मग तो आला असो वा नसो. दिवसातून दोनदा, तीनदा, त्याहून जास्त नाही.

मुलीने सतरा दिवस रिकामा हात परत घेतला. अठराव्या दिवशी त्याने मान ताणून एक दाणा उचलला आणि पळाला. ती ओरडली नाही, हात हलवला नाही. दार लावून स्वयंपाकघरात आली आणि मग माझ्या ओढणीत तोंड खुपसून हसत राहिली.

हातावर पूर्ण चढायला आणखी दीड महिना लागला. तोवर तो लाकडी दांडीवर चढायला शिकला होता. दांडी त्याच्या पायांच्या वर, पोटाशी हलकेच टेकवली की पाऊल उचलतो. पुढे दांडीच्या जागी बोट आले.

चावला तर

चावणे ही पक्ष्याची पहिली नव्हे, शेवटची भाषा आहे. त्याआधी तो मागे सरकतो, फिसकारतो, चोच उघडून दाखवतो. ते आपण ऐकले नाही म्हणून तो चावतो. चावला तर ओरडू नये, पिंजऱ्यावर मारू नये, हात झटकू नये. शांतपणे मागे व्हावे आणि आपण कुठली खूण चुकवली ते आठवावे.

मुलांना हे सांगताना मला एक गोष्ट उमगली. लाडाच्या नावाखाली आपण मुलांनाही कितीदा धरतो, गाल ओढतो, पाहुण्यांच्या मांडीवर बसवतो. पोरगी आता धाकट्या चुलतभावाला उचलण्याआधी हात पुढे करून थांबते. हे तिला मी शिकवलेले नाही.

हिरवा पोपट सापडला तर

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या गावाशिवारातला हिरवा पोपट, मोठा करण पोपट, लाल डोक्याचा तुईया हे सारे आपल्या रानातले पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. "आमच्याकडे आजोबांच्या काळापासून आहे" हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही. जखमी पोपट किंवा घरट्यातून पडलेले पिल्लू सापडले तर हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. त्याला माणसाळवण्याच्या फंदात पडू नये. ज्याला रानात परत जायचे आहे, त्याच्यासाठी हाताची भीती ही देणगीच आहे.

कॉकटील, बजरी यांसारखे परदेशी पक्षी घरी ठेवता येतात. मकाव, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा यांच्यासाठी मात्र 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणि कॉकटीलसारखे पक्षी इथल्या रानात जगू शकत नाहीत. म्हणून 'पुण्य' म्हणून त्यांना आकाशात सोडून देणे म्हणजे त्यांना मरायला सोडणे होय.

आज

आता त्याची पिसे पुरी आली आहेत. संध्याकाळी पंखा बंद करून दार उघडले की तो एक घिरटी मारतो आणि दिवाणावर उतरतो. मुलीच्या बोटावर चढतो. पण सर्वांत आधी जातो तो सासूबाईंकडे, तसबीहचे मणी चोचीने मोजायला. त्या "हट रे" म्हणतात आणि हात जराही हलवत नाहीत.

वरून आलेल्या हाताला तो आजही घाबरतो. केरसुणी दिसली की मागच्या सळ्यांकडे पळतो. ते कदाचित कधीच जाणार नाही. म्हणून आमच्या घरात आता त्याच्या डोक्यावरून कोणी हात नेत नाही, आणि झाडताना आधी पिंजऱ्यावर चादर टाकली जाते. तो आमच्याकडे अमानत म्हणून आला आहे. जेवढा आला तेवढा पुरे.