'खूबसूरत' बोलपटांतील थोरली सून

श्रीमंताचें घर हा विनोदी बोलपटाचा जुना आणि हुकमी विषय आहे. गरीब माणूस तऱ्हेवाईक वागला तर लोक त्याला वेडा म्हणतात. श्रीमंत माणूस तसाच वागला तर त्याला शिस्त म्हणतात. हा भेद जेथें उघडा पडतो तेथें हंशा पिकतो. हृषीकेश मुखर्जी यांनीं दिग्दर्शित केलेला, १९८० सालचा 'खूबसूरत' हा बोलपट याच जातीचा. भाषा हिंदी असली तरी त्यांतील घर पुण्याचें आहे, त्या घराची घडी विस्कटणारी नायिका मुंबईची आहे, आणि थोरल्या सुनेचें काम करणारी नटी जन्मानें सोलापूरची आहे. या शेवटच्या गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. बोलपटाचें मर्म मात्र तेथेंच सांपडतें.

उद्योगपति द्वारकाप्रसाद गुप्ता यांच्या घरीं पैशाला तोटा नाहीं, माणसांना नाहीं, मायेलाहि नाहीं. घराचीं सूत्रें पत्नी निर्मला यांच्या हातीं आहेत. केव्हां उठावें, केव्हां जेवावें, किती मोठ्यानें हसावें, सर्वांना नियम आहेत. या बाई दुष्ट नाहींत, आणि लेखकाची खरी हुशारी हीच. त्यांना कुटुंबाचें भलेंच हवें आहे. फक्त तें भलें त्या एकट्याच ठरवितात. दीना पाठक यांनीं ही भूमिका आवाज न चढवितां केली आहे. मराठी घरांतून अशी एखादी आजी किंवा आत्या बहुतेकांनीं पाहिलेली असते. म्हणून हें गुप्ता कुटुंब परकें वाटत नाहीं.

दुसऱ्या मुलाचें लग्न मुंबईच्या अंजूशीं होतें आणि तिची धाकटी बहीण मंजू तिच्याकडे राहावयास येते. रेखा यांची ही मंजू बडबडी, खोडकर आणि कोणत्याहि नियमाला 'कां?' असें विचारणारी. ती बंड पुकारीत नाहीं. ती फक्त शोधते, कोणीं काय मनांत दडपून ठेवलें आहे तें. आणि मग घरांतील माणसें एकेक करून आपापला लपविलेला छंद बाहेर काढूं लागतात, चोरून, जिन्याकडे कान ठेवून.

याच ओघांत थोरली सून पुढें येते. लग्नापूर्वीं ती नृत्य शिकलेली. सासरीं आल्यावर तें सुटलें. कोणीं मारझोड केली नाहीं, कोणीं शपथ घातली नाहीं. घरांत त्याला जागा नव्हती, एवढेंच. मंजूच्या आग्रहानें ती पुन्हां पायांत घुंगरू बांधते आणि कथक नाचते. त्या गाण्यांत आशा भोसले यांच्या स्वराबरोबर बोल म्हणणारा आवाज आहे तो द्वारकाप्रसादांची भूमिका करणाऱ्या अशोककुमार यांचा. सासरा बोल म्हणतो आहे आणि सून नाचते आहे, हें दृश्य हिंदी बोलपटांत विरळाच. राहुलदेव बर्मन यांचें संगीत आणि गुलजार यांचीं पदें या बोलपटांत इतरत्रहि आहेत, रेखा यांनीं दोन गाणीं स्वतःच्या आवाजांत म्हटलीं आहेत. पण हा प्रसंग त्या सर्वांहून मनांत राहतो.

ही थोरली सून म्हणजे शशिकला. त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजीं सोलापुरास झाला. माहेरचें आडनांव जवळकर. १८७७ सालीं सोलापुरांत पहिली कापडगिरणी निघाल्यापासून त्या शहरांत कापडानें अनेक घरें उभीं केलीं आणि बाजार फिरला म्हणजे खालींहि आणलीं. जवळकरांचें घरहि एकेकाळीं सुखवस्तु होतें. पांचव्या वर्षापासून ही मुलगी सोलापूर जिल्ह्यांतील गांवोगांवच्या रंगमंचावर नाचत, गात आणि अभिनय करीत असे. पुढें वडिलांचें दिवाळें निघालें आणि कुटुंब मुंबईस आलें. जो नाच घरच्या कौतुकाचा विषय होता तोच आतां पोटाचा झाला. स्टुडिओचे उंबरठे झिजवितांना नूरजहां यांची भेट झाली, आणि १९४५ च्या 'झीनत' मधील कव्वालींत तिला काम मिळालें.

पुढची कारकीर्द मोठी झाली, पण विचित्र वळणाची. 'सुजाता' सारख्या १९५९ च्या बोलपटांत सौम्य भूमिका केली, तरी 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) यांतील कपटी स्त्रियांनीं त्यांना फिल्मफेअर पारितोषिकें मिळवून दिलीं आणि त्याच सांच्यांत बसविलें. शशिकला पडद्यावर आल्या कीं कोणाचें तरी घर मोडणार, असें प्रेक्षक धरूनच चालत. अशा नटीला मुखर्जींनीं घर मोडणारी न करतां घरांत हरवलेली स्त्री केलें. अट्ठेचाळिशीच्या आसपासची ही स्त्री घुंगरू बांधतांना क्षणभर दाराकडे पाहते तेव्हां, तिचा पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला सोलापूरचीं तीं पांच वर्षांचीं पावलें आठवल्यावांचून राहत नाहींत.

बोलपटांत एक कच्चा दुवा आहे. मंजू घरच्यांना घेऊन नियमांची थट्टा करणारें नाटक बसविते. निर्मलाबाई तें आडून पाहतात आणि दुखावतात. येथें खरा पेंच पडतो, कारण चूक दोघींचीहि आहे आणि दोघींचीहि नाहीं. पण लेखक तो पेंच बोलून सोडवीत नाहीत. इतर मंडळी बाहेर असतांना द्वारकाप्रसादांना हृदयविकाराचा झटका येतो, मंजू धीरानें सर्व निभावते आणि सासूबाईंचें मत पालटतें. म्हणजे आनंदाचा हक्क मिळविण्यासाठीं मुलीला आधीं उत्तम शुश्रूषा करून दाखवावी लागते! १९६५ च्या 'साउंड ऑफ म्युझिक' मध्यें शिटी वाजवून मुलांना रांगेंत उभा करणारा कॅप्टन गाणें ऐकून विरघळतो आणि स्वतःच गाऊं लागतो. पुण्याच्या घराला मात्र आजारपणाची साक्ष लागली. तरीहि प्रेक्षकांनीं हा तोडगा आनंदानें स्वीकारला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट बोलपटाचें फिल्मफेअर पारितोषिक त्याला मिळालें आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें रेखा यांना.

शशिकला यांना २००७ सालीं पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. तत्पूर्वीं, २०१४ सालीं 'खूबसूरत' नव्यानें निघाला. पुण्याच्या बंगल्याच्या जागीं राजस्थानांतील राजघराणें आलें, आणि शिस्तप्रिय राणीची भूमिका दीना पाठक यांची कन्या रत्ना पाठक शाह यांनीं केली. आईचें सिंहासन असें लेकीकडे आलें. थोरली सून मात्र या नव्या घरांत नाहीं.