वार्धक्यातील स्मृतिभ्रंश : निदानाचा मार्ग आणि वैद्याचे कर्तव्य

घरातील वृद्धाच्या विस्मरणाची तक्रार घेऊन नातेवाईक पुष्कळदा प्रथम आपल्या परिचयाच्या वैद्याकडे येतात. 'आईंना स्मरणशक्तीसाठी ब्राह्मीचे काहीतरी द्या' ही मागणी आपणा सर्वांच्या ऐकण्यातील आहे. या मागणीमागे बहुधा वर्ष-दोन वर्षांचा इतिहास असतो आणि 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून कुटुंबाने तो दुर्लक्षिलेला असतो. मागणीप्रमाणे एखादे मेध्य औषध देऊन रुग्णास परत पाठविले, तर दोन प्रकारची हानी संभवते. कारण निवारणीय असल्यास उपचाराची वेळ निघून जाते आणि कारण निवारणीय नसल्यास कुटुंबास पुढील व्यवस्था करण्यासाठी मिळणारा अवधी वाया जातो. या दृष्टीने अशा रुग्णाची प्राथमिक परीक्षा कशी करावी, त्यास योग्य ठिकाणी कसे पाठवावे व नंतर आपली चिकित्सा कोणत्या मर्यादेत करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत.

जरा आणि व्याधी यांतील भेद

वयानुसार बुद्धिव्यापार मंदावतो, हे आपल्या ग्रंथकारांनी मान्य केले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात जीर्णावस्थेतील ग्रहण, धारण, स्मरण, वचन व विज्ञान यांच्या ऱ्हासाचा उल्लेख आहे. शार्ङ्गधराने दशकानुसार होणारा क्षय सांगताना मेधेचा क्षय चौथ्या व बुद्धीचा नवव्या दशकात मानला आहे. परंतु त्याच चरकाने धी, धृती व स्मृती यांच्या विभ्रंशाची स्वतंत्र चर्चा केली असून उन्मादाच्या वर्णनात स्मृतीबरोबर शील, चेष्टा व आचार यांचाही विभ्रम सांगितला आहे. आजच्या स्मृतिभ्रंशाची यांपैकी कोणत्याही एका व्याधीशी तंतोतंत जुळणी करणे योग्य होणार नाही. तथापि स्वाभाविक जरा आणि विकृती यांत भेद करावयाचा असतो, हे तत्त्व येथे पूर्णपणे लागू पडते.

व्यवहारात हा भेद दैनंदिन क्रियांवरून करावा. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे व थोड्या वेळाने आठवणे, हे वयाचे लक्षण होय. सकाळी पाहुणे येऊन गेले ही घटनाच दुपारी न आठवणे, एकच प्रश्न तासाभरात अनेकदा विचारणे, रोजच्या देवळातून परतताना वाट चुकणे, ही लक्षणे व्याधीकडे निर्देश करतात. आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या स्त्रीस पुरणपोळीचा क्रम न जमणे, आमटीत मीठ दोनदा पडणे, गॅस तसाच चालू राहणे, बँकेतून निवृत्तिवेतन काढताना हिशेब न लागणे, यांकडे विशेष लक्ष द्यावे. सुनेने दागिने चोरले असा निराधार आरोपही पुष्कळदा व्याधीचा भाग असतो. वस्तू ठेवल्याचे विस्मरण झाल्याने ती चोरीस गेली असे रुग्णास मनापासून वाटते. ही गोष्ट कुटुंबास समजावून सांगितल्यास घरातील अनेक कलह टळतात. काही रुग्णांत स्मृती बरी राहून प्रथम स्वभावच पालटतो. लाज-संकोच सुटणे, पैसे उधळणे, आप्तांविषयी उदासीनता येणे ही त्याची चिन्हे होत.

मेंदूची परीक्षा म्हणून वापरली जाणारी तीस गुणांची प्रश्नावली १९७५ पासून प्रचारात आहे. अल्पशिक्षित व्यक्तीस ती सरळ लागू केल्यास निष्कर्ष चुकू शकतो. अशा वेळी चालू मराठी महिना, नुकताच झालेला सण, बाजारातील सुट्या पैशांचा हिशेब असे रुग्णाच्या जीवनातील प्रश्न विचारावेत. ऐकू न येणे व मोतीबिंदू यांची खात्री आधी करून घ्यावी. प्रश्न ऐकूच आला नाही, तर उत्तरावरून बुद्धीचा निर्णय करता येत नाही.

प्रारंभ व गती

'हे केव्हापासून व कसे सुरू झाले?' हा प्रश्नपरीक्षेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आलेला गोंधळ, दिवसभरात कमी-अधिक होणारी शुद्ध आणि असंबद्ध बडबड असल्यास तो स्मृतिभ्रंश नसून तीव्र संभ्रम समजावा. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातील सोडियम अथवा साखर कमी होणे, नव्याने सुरू केलेले औषध ही त्याची नेहमीची कारणे होत. अशा रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तोंड वाकडे होणे, वाचा जाणे, एका अंगाचे बळ जाणे असे अचानक घडल्यास एक तासही दवडू नये.

पायरी-पायरीने वाढणारा ऱ्हास रक्तवाहिन्यांच्या विकारात दिसतो. अल्झायमरच्या विकारात, ज्याचे वर्णन अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम मांडले, ऱ्हास सावकाश व अखंड होतो. नसलेली माणसे वा प्राणी स्पष्ट दिसणे व जोडीला कंपवातासारखी जडता असणे, हे लेवी बॉडी नावाच्या प्रकाराचे सूचक आहे. या रुग्णांना मनोविकारावरील काही औषधे अत्यंत घातक ठरू शकतात, म्हणून ही माहिती तज्ज्ञाच्या पत्रात अवश्य लिहावी.

निवारणीय कारणे

पुढील कारणे शोधल्याशिवाय कोणत्याही वृद्धाच्या विस्मरणावर असाध्यतेचा शिक्का मारू नये.

१. थायरॉइडची मंदता.

२. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शुद्ध शाकाहारी व्यक्ती, मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे व आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे आम्लरोधक गोळ्या घेणारे रुग्ण यांत ही विशेष संभवते.

३. विषाद. जोडीदाराच्या मृत्यूनंतर आलेली उदासीनता बाहेरून विस्मरणासारखी दिसते.

४. डोक्यास मार लागल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचणारे रक्त. पडल्याची घटना किरकोळ व काही आठवड्यांपूर्वीची असू शकते.

५. मेंदूतील द्रवाचा संचय. पाय जमिनीस चिकटल्यासारखी चाल, मूत्रावर ताबा न राहणे व विस्मरण ही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास याचा विचार करावा.

६. औषधे. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीवरील काही जुनी औषधे व मूत्राशयाच्या तक्रारींवरील काही औषधे वृद्धांत बुद्धिमांद्य आणतात.

सहाव्या कारणात आपल्या औषधांचाही समावेश होतो. कनकासवात धत्तूर आहे. त्यातील द्रव्ये वृद्धांत संभ्रम, मुखशोष व मूत्रावरोध निर्माण करू शकतात. सर्पगंधेने रक्तदाब व नाडीचा वेग कमी होतो आणि विषाद उत्पन्न होऊ शकतो. त्यामुळे घरातील सर्व औषधे, अगदी शेजाऱ्याने दिलेली पुडीसुद्धा, एका पिशवीत घालून आणण्यास सांगावे व त्यांची यादी करावी.

तज्ज्ञाकडे पाठविताना

रुग्णास मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ अथवा वृद्धरोगतज्ज्ञ यांपैकी जो जवळ उपलब्ध असेल त्याच्याकडे पाठवावे. मुंबईतील के. ई. एम., पुण्यातील ससून ही रुग्णालये, गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था अशा ठिकाणी शासकीय सोय आहे. दूरच्या तालुक्यातील कुटुंबाने जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात प्रथम जावे. तेथे सामान्यतः रक्तपेशी, साखर, मूत्रपिंड व यकृताची कार्यक्षमता, सोडियम, थायरॉइड, बी-१२ या तपासण्या आणि मेंदूचे सी. टी. अथवा एम. आर. आय. चित्रण यांचा सल्ला दिला जातो.

खरी अडचण बहुधा रुग्णास तेथे नेण्याची असते. आपणास काही झाले आहे, हे रुग्णास पटत नाही, आणि 'तुम्हांला वेड लागले आहे' असे घरच्यांनी सुनावल्यावर तो अधिकच हटून बसतो. येथे वैद्याच्या शब्दास वजन असते. 'या वयात रक्तदाब, साखर, कान, डोळे व स्मरण यांची एकदा तपासणी करून घेऊ' असे सरळ सांगितल्यास बहुतेक वृद्ध तयार होतात. यात असत्य काही नाही. बरोबर रोज सहवासात असणारी व्यक्ती जावी. वर्षातून एकदा येणाऱ्या मुलापेक्षा घरातील सुनेस अधिक माहिती असते. तिने कोणते बदल केव्हा दिसले, याचे टिपण एका पानावर लिहून न्यावे व रुग्णासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचण्याऐवजी ते तज्ज्ञाच्या हाती द्यावे. वैद्यानेही संभाषण प्रथम रुग्णाशी करावे आणि मग नातेवाइकांशी.

निदानानंतरची चिकित्सा

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांसारखी औषधे काही काळ लक्षणे सौम्य करतात, व्याधी समूळ नष्ट करीत नाहीत. आपल्याकडील मेध्य द्रव्यांवर संशोधन चालू असले, तरी त्यांनी अल्झायमर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि तसे आश्वासन कुटुंबास देऊ नये. चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

चरकाने सांगितलेल्या चार मेध्य रसायनांपैकी यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. उच्चरक्तदाब, हृद्रोग असलेल्या किंवा मूत्रल औषधे घेणाऱ्या वृद्धांत ते टाळावे. डोनेपेझिलने नाडी मंद होऊ शकते, म्हणून त्याबरोबर ब्राह्मीकल्प देताना प्रत्येक भेटीत नाडीची गती मोजावी आणि तज्ज्ञास कळवावे. अभ्यंग, नियमित दिनचर्या, वेळेवर स्निग्ध व सुपाच्य आहार, मलावरोधाचे निवारण आणि निद्रेची व्यवस्था यांत आयुर्वेदाचे साहाय्य निःसंशय मोलाचे आहे. मलावरोध व अनिद्रा या दोन तक्रारी दूर झाल्या, तरी रुग्णाची अस्वस्थता बरीच कमी होते.

प्रतिबंधाच्या बाबतीत २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने चौदा टाळता येण्याजोगे घटक सांगितले आहेत. त्यांत उच्चरक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, दृष्टिदोष, विषाद व एकाकीपणा यांचा समावेश आहे. आपल्या मध्यमवयीन रुग्णांत यांची चिकित्सा करणे, हेच वार्धक्यातील बुद्धीचे रक्षण होय.

कुटुंबाची व्यवस्था

निदान लवकर झाल्यास रुग्ण स्वतःच्या इच्छा स्वतः सांगू शकतो. मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन व मालमत्तेचे निर्णय याच काळात, वकिलाच्या सल्ल्याने करावेत. पुढे नातेवाइकास दिलेले मुखत्यारपत्र पुरेल, असा अनेकांचा समज असतो. परंतु भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याची बुद्धी विकल झाल्यावर असे अधिकार संपुष्टात येतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्ण आपल्या उपचारांसाठी प्रतिनिधी नेमू शकतो व पूर्वनिर्देश लिहून ठेवू शकतो.

रुग्णाच्या खिशात नाव, पत्ता व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी कायम असावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ व मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या शासकीय मदतवाहिन्या कुटुंबास लिहून द्याव्यात. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची झोप, भूक व मनःस्थिती यांची चौकशी प्रत्येक भेटीत करावी. ही जबाबदारी बहुधा घरातील एकाच स्त्रीवर पडते आणि ती स्वतः आजारी पडेपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आठवड्यातील काही तास तरी ही जबाबदारी इतरांनी घ्यावी, असे कुटुंबप्रमुखास वैद्याने स्पष्टपणे सांगावे. तज्ज्ञाकडे पाठविलेल्या रुग्णास दर तीन महिन्यांनी पुन्हा बोलवावे, वजन, नाडी, रक्तदाब व औषधांची यादी नोंदवावी आणि नव्याने आलेला गोंधळ 'रोग वाढला' असे न मानता त्याचे कारण प्रत्येक वेळी नव्याने शोधावे.