कोरीवरची पाच नावे

संस्थानी नाणे हाती आले की मी चांदीचा कस नंतर पाहतो. आधी त्यावर नाव कोणाचे आहे ते वाचतो. सत्ता कोणाची, हे नाणे थोडक्यात सांगते. कच्छची कोरी हे त्याचे उत्तम उदाहरण.

चोवीस दोकड्यांची ही कोरी. गुजरातचा सुलतान तिसरा मुजफ्फर याचे नाव आणि हिजरी ९७८ हे साल, त्याची सल्तनत बुडाल्यावरही तिच्यावर दीर्घकाळ टिकून राहिले. ओळखीचा ठसा बाजारात चालतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान असावे. १८१९ च्या तहाने कच्छवर इंग्रजांचे वर्चस्व आले, तरी पुढे कोरीवर दिल्लीच्या बादशहाचे नाव दिसते. १८५७ नंतर ती जागा व्हिक्टोरिया राणीने घेतली.

तिसरे खेंगारजी १८७५ ते १९४२ गादीवर होते. त्यांच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज अशी पाच नावे येतात. एका बाजूला फारसी लिपीत सम्राट, दुसऱ्या बाजूला नागरीत महाराव. सोबत त्रिशूळ, चंद्रकोर आणि कट्यार. मुखवटा मात्र दोघांपैकी कोणाचाच नाही.

यांतला आठवा एडवर्ड १९३६ च्या जानेवारीत गादीवर आला आणि डिसेंबरात पायउतार झाला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी टांकसाळींनी त्याच्या नावाचे एकही नाणे चलनात आणले नाही. कच्छने मात्र कोरी पाडली, पाच कोरीचे सुमारे चौदा ग्रॅमचे चांदीचे नाणेही पाडले. त्यावर इसवी सन आणि विक्रम संवत दोन्ही आहेत. ही नाणी अगदीच अप्राप्य नाहीत. दुर्मीळ आहे ती त्यांनी दिलेली साक्ष. मांडलिक संस्थानाला सम्राटाचे नाव घालावे लागे, पण टांकसाळ स्वतःची होती, हे एकाच नाण्यावर दिसते.

शेवटी संवत २००४ च्या कोरीवर सम्राटाची जागा ‘जय हिंद’ने घेतली. १ जून १९४८ रोजी कच्छचा कारभार भारत सरकारकडे गेला.

चांदी महागली की अशी नाणी सराफाच्या काट्यावर जातात आणि मुशीत वितळतात. त्यांच्यासोबत वितळतो तो पुरावा पुन्हा घडवता येत नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला घरातली जुनी नाणी काढाल, तेव्हा ती चिंच-राखेने घासू नका. त्याने अक्षरे झिजतात. दोन्ही बाजू वाचा, वजन व साल टिपून ठेवा, आणि मगच मोडीचा विचार करा.