झोपेआधी स्क्रीन बंद

अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. मोबाइल-लॅपटॉपच्या निळसर प्रकाशामुळे मात्र डोळ्यांतील काही पेशी मेंदूला अजून दिवसच असल्याचे कळवतात. मेलाटोनिन उशिरा वाढते, झोपही लांबते. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 जणांनी काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री ई-रीडरवर पुस्तक वाचले. ई-रीडरच्या रात्री झोप लागायला सरासरी 10 मिनिटे जास्त लागली, सकाळची तरतरीही कमी होती. प्रयोग छोटा, पण बोलका. शिवाय ऑफिसचा मेसेज किंवा बातमी मनाला जागे ठेवते, ते वेगळेच.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट 2022 मध्ये सुंदर पायंडा पाडला. संध्याकाळी 7 वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. हेतू झोपेचा नव्हे, मुलांच्या अभ्यासाचा आणि घरातल्या गप्पांचा. तरी ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून बंद करणे किती सोपे, हे त्यातून दिसते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये भोंगा नसला, तरी झोपण्याच्या तासभर आधी सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावता येतात. गजराला साधे घड्याळ पुरते.