मृत्यूची पूर्वतयारी : कायदेशीर व भावनिक बाजू

देहूरोडनजीकच्या देहू येथे फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकाराम बीज साजरी होते. संत तुकारामांच्या वैकुंठगमनाचे हे स्मरण हजारो भाविक एकत्रितपणे करतात. घरात मात्र स्वतःच्या मृत्यूविषयी बोलणे बहुधा अशुभ मानले जाते. या मौनाची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.

नामनिर्देशन केले की वारसाहक्क निश्चित झाला, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. बँक ठेवींबाबत २०१० मध्ये व समभागांबाबत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्ती रक्कम वा समभाग स्वीकारते. मालकी मृत्युपत्रानुसार अथवा वारसा कायद्यानुसार ठरते. मृत्युपत्रासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार आवश्यक असतात. नोंदणी ऐच्छिक आहे. मुस्लिमांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागू होतो.

अखेरच्या उपचारांविषयीचे पूर्वनिर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैध ठरवले. २०२३ पासून दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे असते.

या दस्तऐवजांचे भावनिक मोल मोठे आहे. कृत्रिम श्वसनयंत्रणा काढावी की नाही, हा निर्णय मुलांवर एकट्याने पडत नाही. शोकाच्या काळात भावंडांत वाद उद्भवण्याची शक्यता कमी होते. मात्र त्यासाठी कागदाआधी कुटुंबात मोकळा संवाद व्हायला हवा.